आज कोण नाही आलं?

आमच्या घरी चार पाहुणे जमले, जेवणं उरकली आणि मंडळी सतरंजीवर लवंडली, की कोणीतरी म्हणतंच, "तो हजेरीमास्तरांचा किस्सा होऊ दे." मग मी उशी मांडीवर घेतो आणि सुरू होतो. घरात माझ्याकडे सोपवलेलं एवढं एकच काम मला धड जमतं. पेणमध्ये आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, वडिलांच्या हाताला नाव, आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्या हातचा पहिला गणपती पाहून आई म्हणाली होती, "छान झालाय, पण हा बघतोय कुणाकडं?" तेव्हापासून डोळ्यांची आखणी मी केली नाही. फोन घेणं, टेम्पो भरणं आणि किस्से सांगणं, ही माझी खाती.

तर हा किस्सा. मी तो वर्षानुवर्षं सांगतो आणि लोक वर्षानुवर्षं हसतात. पण मी सांगतो तो अर्धा आहे. अर्ध्यावर हशा येतो आणि मी चहा मागवतो. परवा थोरली विचारत होती, "बाबा, ते मास्तर नंतर आपल्याकडे यायचे का?" मी तिलाही चहाच करायला सांगितला. मग वाटलं, तोंडाने निघत नाही ते लिहून तरी काढावं.

हजेरीमास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते आरोग्य खात्यातले आरोग्य सेवक. घरोघर फिरायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पाण्याची पिंपं तपासायची, हे त्यांचं काम. राहायला रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत. रोज सकाळी एसटीने पेणला यायचे. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाक कोणी त्या नावाने मारली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

माणूस उंच, वाळका, कोकणातल्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा आणि पँटची टोकं मोज्यांत खोचणारा. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात एक बॅटरी, एक लांब दांड्याची पांढरी पळी आणि एक रिकामी मुरंब्याची बाटली. भर दुपारी उन्हात बॅटरी पेटवून फिरणारा माणूस म्हटल्यावर आमच्या आळीतल्या पोरांची चंगळ होती. छत्रीच्या दांड्याने पिंपावर एकदा टक् केलं की ते सांगत, "अर्धं भरलंय, आठवड्यात रिकामं केलेलं नाही." आणि ते तसंच असायचं.

पिंपात अळ्या सापडल्या तर त्या पळीने काढून बाटलीत भरायच्या आणि घरी न्यायच्या. अष्टमीतल्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा बाटल्या ओळीने मांडलेल्या असत, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. अळीचा डास होईपर्यंत ते रोज बघत, कुठल्या जातीचा निघतो ते. त्यांच्या बायकोने एकदा माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, लोकांच्या खिडकीत तुळस असते. माझ्या माहेरचे आले की मी पडदा ओढून घेते."

पण हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा विक्षिप्तपणा एका प्रश्नात होता. कुठेही गेले की पहिला प्रश्न तोच. "आज कोण नाही आलं?"

कोणाला बरं नाही, असं ते कधी विचारत नसत. कोण आलं नाही, एवढंच. शाळेच्या खिडकीशी उभं राहून गुरुजींना विचारत. न्हाव्याला विचारत, मासळी बाजारात विचारत, संध्याकाळच्या आरतीला विचारत. दारूच्या दुकानासमोर उभं राहून विचारताना मी त्यांना स्वतः पाहिलंय, आणि तिथले लोक मोठ्या आपुलकीने माहिती देत होते. मी एकदा म्हटलं, साहेब, हे अभद्र वाटतं हो लोकांना, सरळ ताप आहे का ते विचारा. ते म्हणाले, "ताप आलेला माणूस मला सापडतच नाही. तो घरात निजलेला असतो. आणि ताप आहे का विचारलं की घरचे नाही म्हणतात. पण कोण आलं नाही, ते शेजारचा पटकन सांगतो. त्यात त्याला वाईट वाटण्यासारखं काही नसतं."

मासळीवाल्या बायका त्यांना बघून ओरडायच्या, "आला गो हजेरीमास्तर! लाव बाबा आमची हजेरी, अजून मेलो नाय आम्ही." ते वही काढल्यासारखं करून म्हणायचे, "लावली, मावशी." आणि मग नजर ओळीतल्या मोकळ्या जागेवर. "इथली कुठंय?"

आता माझा हशा येणारा भाग. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. मांडव आमच्याच अंगणात. मास्तरांना आमंत्रण होतं. ते आले, पँट मोज्यांत खोचून, खिशात बॅटरी. आधी मांडवामागची पाण्याची पिंपं पाहून आले, मग अक्षता घेतल्या. पंगत बसली आणि ते व्याह्यांपुढे उभे राहून म्हणाले, "कोण नाही आलं?"

वाढप्यांचे हात थांबले. कारण नवऱ्यामुलाचे मामा आले नव्हते. मामा रुसले आहेत हे दोन्हीकडच्यांना माहीत होतं आणि दोन्हीकडचे ते माहीत नसल्यासारखं जिलेबी वाढत होते. मानपानात कुठे चुकलं म्हणून आमच्याकडच्या बायका सकाळपासून एकमेकींना बोलत होत्या. माझ्या काकूने मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, की अहो, हळू, ते रुसलेत. मास्तरांनी विचारलं, "रुसलेत असं ते म्हणाले का?" काकू म्हणाली, म्हणतील कशाला, जानवशावर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेत, कुणाशी बोलत नाहीत.

"मे महिन्यात पांघरूण?" असं म्हणून मास्तर जानवशाकडे निघाले. मागून मी, हातात मनधरणीसाठी नारळ आणि शेला. मामा रेशमी सदऱ्यात कुडकुडत होते. लग्नात विघ्न नको म्हणून बिचाऱ्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी तिथेच बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला, आणि आमच्या घराण्यात मानपानावरून झालेला सगळ्यात मोठा रुसवा मलेरियाचा निघाला. मामा बरे झाल्यावर म्हणाले, शेला मात्र मी परत देणार नाही.

इथे लोक हसतात, आणि इथे मी चहा मागवतो.

पुढचं असं.

गणपतीला दोन महिने राहिले की आमच्या आळीत माणसाला माणूस दिसत नाही. सगळीकडे पांढरी धूळ. साच्यातून काढलेली कोरी मूर्ती आधी पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची, मग रंग. हे घासकाम बायका करतात. आमच्याकडे तेव्हा सहा जणी होत्या, सहा पाटांवर ओळीने बसायच्या. त्यांतली सोनी ही रोह्याकडची, कुंडलिकेच्या काठावरच्या वाडीतली. ती आणि तिचा नवरा शिमगा झाला की यायचे आणि गणपती गेले की परत जायचे. तोवर कारखान्यामागच्या पडवीत त्यांचा संसार. सोनी पंचविशीची असेल. कामाला कमालीची. प्रत्येक बाई आपापली मूर्ती घासते, दुसरीच्या मूर्तीला हात लावत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. सोनीची मूर्ती ओळखू यायची. सोंडेच्या वळणात, जिथे कोणी बघतही नाही, तिथे बोटाला पेपर गुंडाळून ती घासत बसे. मी घाई केली की म्हणायची, "शेट, देव बघतो तिथं."

त्या वर्षी आषाढातच आळीत ताप सुरू झाला. आधी समोरच्या शिंप्याकडे, मग कोपऱ्यावरच्या दोन घरांत. मास्तरांनी रक्ताचे नमुने पाठवले आणि डेंग्यू असल्याचं कळलं. मग त्यांचं हिंडणं वाढलं. आळीतलं एकेक पिंप, एकेक टाकी, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचं भांडं, सगळं त्यांनी उपडं करायला लावलं. आमच्याकडे तर पाण्याशिवाय कामच नाही. तरी आम्ही दर शनिवारी सगळी पिंपं कोरडी करून घासायला लागलो. एवढं करूनही ताप थांबेना. मास्तर रोज येत, पिंपावर टक् करत आणि चहूकडे बघत. "पाणी आहे," ते म्हणत. "कुठंतरी आहे. मला दिसत नाही."

अशातच एका सोमवारी सोनी म्हणाली, "शेट, अंग लय दुखतंय." कपाळ तापलेलं होतं. मी माझ्या टेबलाच्या खणातली अंगदुखीची गोळी दिली. माझी पाठ दुखते म्हणून मी ती ठेवतो. मंगळवारी पुन्हा दिली. डेंग्यूत ती गोळी विषासारखी, रक्त पातळ करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायचा माणूस रोज दारात येऊन उभा राहत होता.

मी विचारलं नाही, कारण मला भीती होती. सोनीचं नाव मास्तरांच्या वहीत गेलं तर कारखान्यात धूर फवारायला माणसं येतील, आळीभर होईल, की यांच्याकडे डेंग्यू. रंगारी सगळे बाहेरगावचे. दोघे आधीच डोलवीच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जायची भाषा करत होते. ते गेले की बाकीचे जातील, आणि मूर्ती कोऱ्याच्या कोऱ्या राहतील. असा हिशेब मी डोक्यात केला. बुधवारी सकाळी सोनीला आणि तिच्या नवऱ्याला रोह्याच्या एसटीत बसवून दिलं. घरी जा, आराम कर, बरं वाटलं की ये. बरोबर गोळ्यांची उरलेली पट्टीही दिली. मला वाटलं, मी चांगलं वागतोय. खिडकीतून ती म्हणाली, "माझा देव अर्धा राहिलाय, कुणाला देऊ नका."

पाऊण तासाने मास्तर आले. दारात उभे राहिले. "आज कोण नाही आलं?"

"सगळे आलेत," मी म्हटलं.

गुरुवारी त्यांनी विचारलं. मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

शुक्रवारी मास्तर आले तेव्हा माझे वडील मागच्या अंगणातून येत होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. रोज सकाळी मागे जाऊन ते उदबत्ती लावत. त्या दिवशी ते दंडावर कराकरा खाजवत होते. मास्तरांनी त्यांचा हात धरला, दंड बघितला आणि विचारलं, "अण्णा, हे आत्ता चावलेत? कुठं?" अण्णा म्हणाले, "मागे. देवांपाशी."

हे देव म्हणजे काय ते सांगायला हवं. मूर्ती साच्यात दोन भागांत ओततात, पुढचा आणि पाठीचा, मग जोडतात. काढताना काही तडकतात. कुणाची सोंड जाते, कुणाचा हात, कुणाचा पाठीचा भागच नुसता राहतो. पण एकदा त्याला आकार आला की तो देव. तो उकिरड्यावर टाकत नाहीत. मागे जांभळाखाली आम्ही त्यांना ओळीने निजवून ठेवायचो, उताणे, आकाशाकडे तोंड करून, आणि गणपती झाले की मानाने खाडीत विसर्जन करायचो. पिढ्यान् पिढ्या असंच. आणि सोनीची पडवी त्या जांभळाला लागूनच.

मास्तर मागे गेले. आतापर्यंत ते तिकडे गेले नव्हते असं नाही. पण चपला बाहेर काढून, लांबून नमस्कार करून परत यायचे. देवाच्या आत पाणी असेल असं त्यांच्याही मनात आलं नव्हतं. त्या दिवशी ते गुडघ्यांवर बसले, बॅटरी पेटवली आणि एका पाठीच्या भागात उजेड टाकला. मूर्ती आतून पोकळ. पाठीचा भाग उताणा ठेवला की परातीसारखा. पावसाचं पाणी त्यात स्वच्छ साठलेलं, आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्यात तेच. सोंड तुटलेल्या मूर्तीच्या पोटात तेच. सगळी आळी पिंपं घासत होती आणि डास आमच्या देवांच्या पोटातून उठत होते.

मास्तरांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "अण्णा, यांना पालथं घालावं लागेल."

अण्णा चिडणारे नव्हते. पण ते देवांच्या आणि मास्तरांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "मी जिवंत असेपर्यंत माझ्या अंगणात देव पालथा पडणार नाही."

मला वाटलं, आता कायदा निघेल, नोटीस येईल. मास्तर म्हणाले, "बरं. पालथे नकोत. पण अण्णा, तान्हं मूल ओल्या दुपट्यात ठेवाल का तुम्ही?"

मास्तरांनी माझ्याकडे स्वच्छ फडकं मागितलं. मग एकेका मूर्तीला दोन्ही हातांनी उचलून कलती करत, पाणी खालच्या वाळूत ओतत, फडक्याने आतून कोरडी करत ते ओळीने पुढे सरकू लागले. तान्ह्याला न्हाऊ घातल्यावर मांडीवर घेतात तसं. तीन-चार झाल्यावर अण्णा खाली बसले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दुसऱ्या टोकाकडून सुरू झाले. मी उभा होतो. मला काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी जांभळाची पानं उचलली.

फडकं धुवायला मास्तर कारखान्यातून नळाकडे निघाले, आणि घासकामाच्या ओळीपाशी थांबले. पाच बायका कामाला होत्या. सहावा पाट रिकामा. त्यांनी बॅटरी पेटवून त्या पाटावर धरली. पाचही पाटांच्या कडा बसून बसून काळसर पडलेल्या. सहाव्यावर पिठासारखी एकसारखी धूळ होती, बोटाचाही ठसा नाही. समोर अर्धी घासलेली मूर्ती. पाटाखाली पेपरचा तुकडा नीट घडी करून खोचलेला.

"यावर दोन-तीन दिवस कोणी बसलेलं नाही," ते म्हणाले.

बायकांनी माना खाली घातल्या. घासण्याचा आवाज थांबला.

"कोण बसतं इथं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गोळीसकट. मला वाटलं होतं ते बोलतील, निदान एक शिवी तरी देतील. त्यांनी फक्त विचारलं, ताप पहिल्यांदा कुठल्या वारी आला. मी म्हटलं, सोमवारी. ते बोटांवर मोजत पुटपुटले, आणि म्हणाले, "मोटारसायकल काढा. ती वाडी माझ्या वाटेवरची आहे. काल संध्याकाळीही मी तिथूनच घरी गेलो."

पेण ते रोहा एवढा लांब रस्ता मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिला नाही.

वाडीत पोचलो तर सोनीची सासू हसऱ्या तोंडाने बाहेर आली. "ताप उतरला, सायब. सकाळधरनं अंग गार हाय. पेजपण मागितली तिनं." माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी हसलोसुद्धा. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र त्या वाक्याने गेला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी धास्ती सुरू होते, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा ते वाकून आत गेले आणि त्यांनी तिचे पाय चाचपले.

"पाय गार कधीपासनं?"

"सकाळधरनं," सासू म्हणाली. "उठ गो, शेट आलाय तुझा."

"पोटात दुखतं का गो?" मास्तरांनी विचारलं.

"दुखतंय," सोनी म्हणाली. तिच्या हिरड्यांना रक्त होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "शेट, माझा देव कुणी घासला काय?"

"नाय," मी म्हटलं. "तसाच हाय."

"ठेवा. मी येते."

मास्तरांनी फोनवर गाडी बोलावली, ती येईपर्यंत थांबले नाहीत, वाडीतल्याच एकाच्या रिक्षात तिला घातलं. रोह्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि तिथून अलिबागला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. तिच्या नवऱ्याच्या शेजारी बाकावर मी बसलो होतो. तो मला सारखा सांगत होता, "शेट, तुमी आलात म्हणून बरं." शनिवारी दुपारी, जेवणाची गाडी वॉर्डातून फिरत असताना, सोनी गेली.

सोमवारी मास्तर कारखान्यात आले ते कागद घेऊन. असा मृत्यू झाला की त्याची चौकशी करून फॉर्म भरावा लागतो. ताप कधी आला, नमुना कधी घेतला, कुठे उपचार झाले. त्यांनी बाकीचं सगळं आपल्या हाताने भरलं होतं. एक रकाना मोकळा होता. उपचारास विलंब होण्याचे कारण. कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी पेन दिलं.

"हा तुम्ही भरा."

मी लिहिलं, 'पावसामुळे वाहनाची गैरसोय.'

आजही हे लिहिताना मला माझं हसू येतं, आणि ते चांगलं हसू नव्हे. अर्धं आयुष्य फोनवर गिऱ्हाइकांना कारणं सांगण्यात गेलेलं. हात आपोआप चालला. मास्तरांनी वाचलं. कागदाची शांतपणे चार पदरी घडी केली, पिशवीत टाकली, आणि दुसरा फॉर्म काढला. तोही भरलेला, तोच एक रकाना मोकळा. दोन प्रती ते करूनच आले होते. मला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

दुसऱ्यांदा मी लिहिलं, 'रुग्ण आजारी असल्याची माहिती कारखान्याच्या मालकाने लपवली.' त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मालकाने म्हणजे?" मी 'कारखान्याच्या मालकाने' खोडलं आणि 'मी' लिहिलं. खाली सही केली. 'लपवली' या शब्दाकडे नुसतं बघत बसलो. ते उठले, मागे गेले, जांभळाखालच्या मूर्तींवरून फडकं फिरवलं आणि पुढच्या घरी गेले.

त्या वर्षी धूर फवारला गेला, सगळ्यांना कळलं. दोन रंगारी डोलवीला गेले. बाकीचे राहिले. गणपती सगळे वेळेवर गेले. ज्या भीतीपायी मी ते केलं, ती एवढीशी होती. सोनीची अर्धी मूर्ती अण्णांनी कोणाला घासू दिली नाही, तशीच वेगळी ठेवली, आणि खाडीत सोडताना सगळ्यांत शेवटी सोडली. अण्णा पुढची तीन वर्षं, हात चालत होते तोवर, रोज सकाळी उपरण्याने तडकलेले देव कोरडे करत. मग ते काम माझ्याकडे आलं. आता त्यांच्यावर पत्र्याचं छप्पर आहे, तरी मी पुसतो. आमचं बघून आळीतल्या इतर कारखान्यांनीही फडकी ठेवली. मास्तर निवृत्त होऊन आता अष्टमीतच असतात. खिडकीत तुळस आली आहे असं त्यांच्या बायकोने कळवलं.

पण मला सांगायचं होतं ते त्या फॉर्मच्या दुसऱ्या दिवसाचं. मंगळवारी सकाळी मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. वाटत होतं, आज ते येणार नाहीत, आले तर समोरून निघून जातील, आणि तसं झालं तर बरं. बायका येऊन बसल्या होत्या. घासण्याचा आवाज सुरू झाला होता. पाठीमागे छत्रीचा दांडा पिंपावर टक् करून वाजला.

"आज कोण नाही आलं?"

आवाज नेहमीचाच. राग नाही, दया नाही. मी वळलो नाही. तोंडात एकच उत्तर होतं, ते दिलं.

"सोनी."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ते लिहून झालंय. आज कोण?"

मी उठलो. ओळीपाशी गेलो आणि एकेकीच्या तोंडाकडे पाहत, पहिल्या पाटापासून मोजायला सुरुवात केली.